वारं पाठीवर घ्या

लहानू गजभिये मॉक ड्रिलमध्ये नापास झाला. शंभरपैकी शून्य. पण ते जाऊ द्या. असं काही झालंच नाही, असं धरून चालू.

आगीच्या बंबावर लहानूची एकोणतीस वर्षं गेली होती. त्याचे गुडघे त्याच्याआधीच रिटायर झाले होते. आता त्याला एकच गोष्ट हवी होती, कंट्रोल रूममधली खुर्ची. हात असलेली. फोन उचलायचा, 'कुठं लागली?' विचारायचं आणि दुसऱ्याला पाठवून द्यायचं. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदाच्या ड्रिलमध्ये पास झालास तर खुर्ची तुझी. नाहीतर आणखी दोन वर्षं शिडीवर.

ड्रिलचं परिपत्रक दोन पानी होतं. पहिल्या पानावर लिहिलं होतं: मंगळवार, सकाळी अकरा, हिंगणा औद्योगिक वसाहत, टेम्पोतून विषारी घन रसायन सांडले आहे असे समजून कारवाई करावी. दुसऱ्या पानावर लहानूच्या तुकडीतल्या मेघाने तर्री-पोह्यांची प्लेट ठेवली होती. दुसरं पान तसंही कोणी वाचत नाही.

मंगळवारी घंटा वाजली ती दहा चाळीसला. हिंगण्यात टेम्पो कलंडला, पांढरी भुकटी सांडली.

"सरकारी ड्रिल टायमाच्या आधी कशी काय होऊन राहिली, लहानूभाऊ?" मेघा बूट चढवत म्हणाली.

"परीक्षक साहेबाले जेवायले घरी जायचं असन. चाल."

मे महिना होता. डांबर बुटाला चिकटत होतं. रस्त्याच्या कडेला टेम्पो आडवा पडला होता, दोन ड्रम फुटले होते आणि पांढरा ढीग पसरला होता. ड्रायव्हर फूटपाथवर बसून खोकत होता, डोळे लालबुंद. ढिगाजवळ एक कुत्रं भर उन्हात पसरलं होतं. आणि थोडं लांब, पांढऱ्या शर्टातला एक माणूस पॅडवर काहीतरी लिहीत होता.

पॅड दिसताच लहानूचे गुडघे सरळ झाले.

एरवी ड्रिल म्हणजे रांगोळी सांडायची, चहा प्यायचा, फोटो काढायचा आणि परत यायचं. आज लहानूने सगळं पुस्तक अंगावर घेतलं. रुमाल धरून वाऱ्याचा अंदाज घेतला आणि वारा आपल्याकडून भुकटीकडे जाईल अशा जागी गाडी लावली. "वारं पाठीवर घ्या," तो पॅडला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "पन्नास मीटरवर दोरी बांधा. पूर्ण सूट. पाठीवर हवेचं सिलिंडर."

"रांगोळीसाठी सिलिंडर काहून, लहानूभाऊ? चव्वेचाळीस डिग्री आहे."

"तिकडं पॅड आहे म्हणून. तू मास्क काढशीन तं माही खुर्ची जाईन."

मेघाने मास्क चढवला. आतून ती काहीतरी बोलली. ते ऐकू आलं नाही, हे बरंच झालं.

लहानू दोरीपाशी सगळ्यांचे पट्टे तपासत होता, तेवढ्यात पॅडवाला जवळ आला. "अहो, पाणी मारा ना. धुऊन टाका आणि रस्ता मोकळा करा."

लहानू मनातल्या मनात हसला. असे फसवे प्रश्न त्याने पुष्कळ पाहिले होते. "पाणी नाही मारत साहेब. विष विरघळते, नालीत जाते. झाडूही नाही, धूळ उडते. वरून प्लास्टिक टाकायचं, कडेले कोरडी रेती."

"किती वेळ लागन?"

"विषाले विचारून सांगतो. तुम्ही तेवढं दोरीच्या मांगं व्हा."

माणसाने घड्याळ पाहून पॅडवर काहीतरी खरडलं. पाच गुण, लहानूने हिशेब केला, आणि मास्क चढवला.

मग त्याने आणि मेघाने ड्रायव्हरला उचलून वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणलं. कपडे कात्रीने कापले आणि त्याच्यावर पाणी सोडलं.

"चड्डी राहू द्या," ड्रायव्हर कण्हला.

"नियमात बसत नाही," मास्कमधून लहानू म्हणाला.

ड्रायव्हर ओकला आणि आडवा झाला.

"झाडीपट्टीच्या नाटकातला दिसते," मेघा म्हणाली. "लय जीव लावून करून राहिला."

सात मिनिटांत ॲम्ब्युलन्स आली. तेव्हा मात्र मेघाची खात्रीच पटली. इतक्या लवकर ॲम्ब्युलन्स फक्त ड्रिललाच येते.

प्लास्टिक पसरून, रेती टाकून, कारखान्याची माणसं योग्य ते डबे घेऊन येईपर्यंत पहारा देऊन दोन तास गेले. मग सूट अंगावर असतानाच एकमेकांना धुतलं, ते काढून पिशव्यांत बांधले, हातमोजे सगळ्यात शेवटी उतरवले. मेघा दुभाजकावर बसली ती उठेचना. लहानूला बसवतही नव्हतं. तो कारवाईच्या नोंदीचा कागद घेऊन पॅडवाल्याकडे गेला.

"साहेब, सही."

माणसाने सही केली. "इतकं टापटीप काम म्या पाहिलं नाही बाप्पा."

लहानूने डोळे मिटले. खुर्ची दिसली. हात होते. एक चाक थोडं वाजत होतं, पण तेवढं चालतं. त्याने डोळे उघडले तर कुत्रं अजून उन्हातच होतं.

बुधवारी कारणे दाखवा नोटीस आली. लहानूने ती दोनदा वाचली, दुखऱ्या गुडघ्यावर कागद ठेवला आणि उत्तर लिहिलं:

'महोदय, काल सकाळी अकरापासून, परिपत्रकाच्या दुसऱ्या पानावर लिहिल्याप्रमाणे, गेट क्रमांक दोनवर परीक्षक, बॅनर व दोन पोती रांगोळी आमची वाट पाहत होती व आम्ही तेथे पोचलो नाही, हे खरे आहे. आम्ही गेट क्रमांक एकवर होतो. पॅडवाले गृहस्थ मालाचे सुपरवायझर निघाले. टेम्पोचालक बळीराम आज पहाटे शुद्धीवर आला असून चड्डीची चौकशी करत आहे. तरी, यापुढे खरे विष सांडायचे झाल्यास ते परिपत्रकात नेमून दिलेल्या गेटवर, दिलेल्या वेळी व परीक्षकांच्या समक्षच सांडावे, असे आदेश संबंधितांस व्हावेत, ही नम्र विनंती.'