वाटीभर दहीभात

"सकाळपासून काही खाल्लं-प्यालं नाही ना?" चिखलीच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं तिसऱ्यांदा विचारलं.

"पाण्याचा थेंब नाही जी," पोरीचा बाप शेखर छाती काढून म्हणाला.

पोरीची आई दीपमाला खाली बघू लागली. पोरीनं खाल्लं होतं. आणि चारणारी दुसरी कोणी नव्हती, तीच होती.

आता याला काय म्हणावं! डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, शेखरनं काल दोनदा वाचून दाखवलं होतं. पण नऊ वर्षांची लेक सुरीखाली जायची आणि तिच्या हातावर दही-साखर न ठेवता तिला उंबरा ओलांडू द्यायचा? आईच्यानं होतं का ते? शेखर बसमध्ये जागा धरायला पुढं गेला, तेव्हा तिनं पोरीच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. पुष्पांजलीनं ते चाटलं आणि हात पुन्हा पुढं केला. भुकेजली होती बिचारी. चमच्याची वाटी कधी झाली आणि वाटीत भात कधी कालवला गेला, दीपमालाला कळलंही नाही.

शेखर औषधं आणायला खाली गेला, तसं तिनं धीर केला.

"सिस्टर, कोणी चुकून खाल्लंच तं काय होते वो?"

"भूल दिली की पोटातलं वर येतं, ताई. श्वासनळीत गेलं की संपलं. कान राहतात बाजूला, जीव वाचवता वाचवता नाकीनऊ येतात." एवढं बोलून सिस्टर चादर घडी करत निघून गेली.

दीपमाला सिस्टरच्या मागं दोन पावलं गेली. तेवढ्यात पोरीनं तिचा पदर ओढला.

"आई, दहीभाताचं सांगू नको बरं."

"काऊन वं?"

"मंग करत नाहीत ते. माह्या वर्गातल्या कोकिळाच्या भावानं दूध पेलं होतं, तं त्याले घरी पाठोलं. मी उलटी नाही करणार. तोंड गच्च मिटून ठेवीन."

तोंड गच्च मिटून ठेवीन म्हणे! दीपमालाला रडू आवरेना. पोरीचे कान दोन्ही बाजूंना पसरलेले. वर्गात मागच्या बाकावरची पोरं 'सूपकानी, सूपकानी' करत टिचक्या मारायची. दिवाळीनंतर एकदा तिनं डिंकाची अख्खी बाटली लावून कान डोक्याला चिकटवले होते. सोडवताना कातडी निघाली, पण ही रडली नव्हती. सासूबाई तर चार महिने अडून बसलेल्या, देवानं दिलेल्या कानाले सुरी काऊन लावता म्हणून. आज तसंच परत गेलं तर त्या अपशकून झाला म्हणणार आणि हा विषय घरात पुन्हा निघायचा नाही.

दीपमालानं मान हलवली. पोर हसली.

ट्रॉली निघाली. दार लागलं. शेखर पिशवी घेऊन वर आला आणि बाकावर टेकला. पोरीनं खाऊन साडेचार तास झाले होते. वाटीभर भात तो केवढा, जिरलाही असेल, दीपमाला मनाला समजावत होती. आणि नसला जिरला तर?

ती उठली आणि चपला न काढता थेट आत घुसली.

"थांबा! जेवली हाये ते! म्या चारलं तिले!"

भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात सुई होती. त्यांनी ती ट्रेमध्ये ठेवली. किती खाल्लं, कधी खाल्लं, एवढंच विचारलं. मग स्टुलावर बसून कपाळ पुसलं. अगदी हळू आवाजात म्हणाले, "घेऊन जा हिला. आज नाही."

बाहेर शेखर भिंतीला टेकून उभा होता.

"तूनं?" तो म्हणाला. "आता मायले काय सांगू मी?"

 तोवर हिरव्या गाऊनमधली पुष्पांजली धावत आली आणि तिनं दोन्ही मुठींनी आईला बडवायला सुरुवात केली. पोटावर, छातीवर, जिथं लागेल तिथं.

"खोटारडी! तू मान हलवली होती! खोटारडी!"

लोक बघायला लागले. सिस्टर सोडवायला आली, तर दीपमालानं तिला हातानंच थांबवलं. ती खाली बसली, म्हणजे पोरीचे हात नीट पोचतील.

"मार माय, मार," ती म्हणाली. "अजून जोरात मार."