संमतीपत्र

"सही इथे करायची, की खाली?" नानांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"खाली. फुली मारलीय तिथे," ती म्हणाली.

"फुली दिसते मला. उभी हयात लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासल्यात मी."

पण पेन काही कागदाला टेकेना. नानांचं आणि सह्यांचं पहिल्यापासून वाकडंच. तिच्या प्रगतिपुस्तकावरही आईचीच सही असायची. तसे ते हट्टी नव्हते, पण काही गोष्टी त्यांच्याशी बोलायच्या नसत, एवढं मात्र ती लहानपणीच शिकली होती. शेजारच्या मुली वडिलांना बाबा म्हणत, म्हणून तिनंही एकदा म्हणून पाहिलं होतं. नाना भरल्या ताटावरून उठून गेले. "नानाच म्हण," आई म्हणाली. सगळी गल्लीच त्यांना नाना म्हणायची, तीही म्हणू लागली.

या सहीसाठी ती सहा वर्षं त्यांच्या मागे लागली होती. लढाईत गेलेल्या सैनिकाचे कागद लष्कराचं दप्तर फक्त बायकोमुलांना आणि सख्ख्या भावंडांना देत असे. पुतणीला हवे असतील तर भावाची संमती लागायची. तिचे काका, म्हणजे नानांचे थोरले भाऊ, गेले तेव्हा ती तान्ही होती. त्यांचा एकच फोटो होता. त्यावरची धूळ आई दुसऱ्या कुणाला पुसू देत नसे.

दोघं भाऊ एकाच तुकडीत होते. नाना लंगडत परत आले. काका आलेच नाहीत. तिथे काय घडलं, याबद्दल नानांनी कधी ब्र काढला नाही. शेवटच्या आजारात, तापाच्या भरात आई मात्र ओरडली होती, "तुम्ही त्यांना तिथेच सोडून आलात!" नाना दारातच उभे होते. ते नाही म्हणाले नाहीत. आईच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि बाहेर निघून गेले.

फोटोतला देखणा माणूस, त्याला जपणारी आई आणि एकटाच परतलेला धाकटा भाऊ. या तिघांची गोष्ट तिनं मनात कितीदा तरी जुळवली होती. शेवटाशी आली की ती गोष्ट तिथेच सोडून कामाला लागायची.

नानांनी सही केली. तिचा चष्मा मागून घेतला, त्याचा ढिला स्क्रू आवळला आणि तिच्या नाकावर बसवून पाहिला.

"तो कागद आल्यावरही रविवारी येशील ना?"

"न यायला काय झालं?" ती हसली आणि सहीचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

मंगळवारी सकाळी शेजारणीला नाना कामाच्या खुर्चीतच सापडले. डॉक्टर म्हणाले, हृदय. ती मनात म्हणाली, सही. ज्याच्याकडे लपवायला काही नाही, तो माणूस सहीच्या धास्तीनं मरत नाही.

तीन आठवड्यांनी जाड पाकीट आलं. तिनं ते खणात टाकलं आणि खण लावून घेतला. स्वयंपाक करताना तिला तो खण दिसायचा. फाडून टाकलं तर नाना नानाच राहतील. उघडलं तर कदाचित आपल्याच भावाचा जीव घेणारा माणूस हाती लागेल, आणि त्याच्याच मांडीवर बसून आपण मुळाक्षरं गिरवली, हे उरलेल्या आयुष्यात विसरता येणार नाही. दोन रात्री तिनं दिवा मालवलाच नाही.

रविवारी ती पाकीट घेऊन नानांच्या घरी गेली. त्यांची खुर्ची सोडून स्टुलावर बसली. टंकलेखन पुसट होतं, म्हणून त्यांचंच भिंग उचललं. ते ओळीवरून सरकवत ती वाचू लागली.

'पूल कोसळला. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या भावास काढण्यासाठी धाकटा तीन वेळा परत गेला. तिसऱ्या वेळी तुळई पडून त्याचा पाय मोडला. चौथ्यांदा जाऊ लागला असता त्याला हुकमावरून बळजबरीने मागे आणण्यात आले.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग भिंग खाली ठेवून पोटभर रडली. सहा वर्षं या माणसाबद्दल आपण काय काय मनात आणलं! आणि त्यानं तोंड उघडून एवढंही सांगू नये? मग भ्यायचा तरी कशाला?

डोळे पुसून ती कागद आवरू लागली. तळाशी तिचं संमतीपत्र होतं, नानांच्या सहीचं. त्याला दप्तराच्या कारकुनाची चिठ्ठी टाचली होती.

'संमतीपत्र परत पाठवीत आहोत. आपल्याला त्याची आवश्यकता नव्हती. आपल्या जन्माची नगरपालिकेतील नोंद लढाईत जळाली असली, तरी मृत सैनिकाच्या वारसपत्रात ती आहे. पत्नी म्हणून आपल्या आईचे नाव आहे. त्याखाली आपले नाव व जन्मतारीख. नाते: मुलगी. वय सात महिने.'

भिंतीवर फोटो होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती उठली, रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली आणि नाकावरचा चष्मा सारखा केला.

"बाबा," ती म्हणाली, "रविवार आहे. मी आलेय."