मागची काच

आईची जुनी टॅक्सी मुलाने परस्पर भंगारात दिली. "पुरे झालं आता, घरात बस," एवढंच म्हणाला.

भंगारवाला यायच्या आत आईने मागच्या काचेभोवतीच्या गोंदातून एक बारीक तार आरपार घातली. एक टोक घेऊन ती गाडीत बसली, दुसरं बाहेर सुनेच्या हातात दिलं.

"मी ओढलं की तू सैल सोड गं. दोघींनी एकदम ओढलं तर तार तुटेल. आणि काच तडकली, तर गाठ माझ्याशी आहे!"

तार करवतीसारखी सरकत राहिली. सुनेची बोटं सोलली, पण ती थांबली नाही.

"त्या काचेचं काय लोणचं घालणार आहेस?" मुलगा दारातून ओरडला.

काच अख्खी सुटली. दोघींनी ती उचलून गल्लीच्या टोकाला नेली. तिथे तशीच एक टॅक्सी उभी होती, मागची काच फुटलेली.

"ही कुणाची?" मुलगा मागोमाग आला.

"माझी," त्याची बायको म्हणाली. "सोमवारपासून मी चालवणार."

आईने बाहीने काचेवरची धूळ पुसली. तिनेच कधीकाळी रंगवलेली अक्षरं लख्ख दिसू लागली: 'बाई चालवतेय. घाई असेल तर उडून जा.'