न मिटणारा चाकू

"ह्याला हात लावू का?" चष्मेवाल्याने विचारलं.

"लाव की. मिटून दाखव," हार्लन म्हणाला.

चष्मेवाल्याने चाकू उचलला. अशा चाकूंची मिटायची कळ पात्याच्या पाठीशी असते. त्याने तिथे अंगठ्याचं नख घातलं, उचकटलं, पुन्हा उचकटलं. मग बटण दाबलं, मुठीचं पितळी टोपण पिरगाळलं. पातं ढिम्म हललं नाही.

"अडकलाय हा."

"अडकलेला नाही. कळ निराळी आहे."

तो मान हलवत पुढे गेला. सकाळपासूनचा हा सव्विसावा. ओहायोतल्या त्या जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये चाकूविक्रेत्यांची शंभरेक टेबलं होती, आणि कुठेही खटक्याचा चाकू उघडा दिसला की ह्या शौकीन मंडळींचे हात शिवशिवायचे. तो मिटून जागेवर ठेवल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडायचं नाही. हार्लनची सगळी भिस्त ह्या खोडीवर होती.

टेबलावरचे चाकू त्याचा मित्र क्लाइड ह्याचे. शंभर वर्षांपूर्वीच्या इटालियन चाकूंच्या नव्या नकला जमवण्यात क्लाइडने आयुष्य घालवलं. अस्सल जुने त्याला फुकट दिले तरी नको असत. "अस्सल नुसता जपावा लागतो. नकलेशी खेळता येतं," असं म्हणायचा. तीन आठवड्यांपूर्वी तो तळघराच्या जिन्यावरून पडून गेला. घरात एकटाच होता, पाय घसरला, असं शेरीफच्या माणसाने लिहून टाकलं. बायको अल्मा सकाळपासून साठ मैलांवर बहिणीकडे होती.

पण क्लाइड एकटा नव्हता. त्याच दुपारी दीड वाजता त्याचा हार्लनला फोन आला होता.

"पार्सल आलं रे इटलीहून! आत्ताच फोडलं. मिटायची कळ अशा जागी बसवलीय त्या म्हाताऱ्या कारागिराने, की तुझ्या बापालाही सापडायची नाही. आणि इथे तळघरात एक गिऱ्हाईक बसलंय माझ्यासमोर. एकदा दाखवलं आणि लगेच जमलं. नाव सांगितलं तर तुझा विश्वास बसणार नाही. शनिवारी ये, मग सांगतो."

डॉक्टरांच्या मते क्लाइड अडीचच्या आत गेला. हार्लनने हे शेरीफच्या माणसाला सांगितलं, तेव्हा त्याने खांदे उडवले. अल्माला मात्र तो काही बोलला नाही. तिच्या दुःखात आणखी भर कशाला घालायची?

पार्सलमधून आलेला हा चाकू मागणीवरून बनवलेला, असा एकच. कामाच्या टेबलावर तो उघडाच सापडला होता. ज्याला तो मिटता येईल, तो त्या दुपारी तळघरात होता. स्वतः हार्लनची तीन आठवडे त्याच्यापुढे डाळ शिजली नव्हती. चाळीस वर्षांचा मित्र असा जातो आणि कुणाला त्याचं काहीच वाटत नाही, ह्याची त्याला भयंकर चीड येत होती.

दुपारी अल्मा वाडग्यात गरम चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं कालवण, घेऊन आली. तिला ह्या चाकूंचं वावडं. दाराजवळ चर्चच्या बायकांबरोबर ती सकाळपासून जेवण वाढत होती.

"खाऊन घे आधी. ही खेळणी कुठे पळून जात नाहीत."

"तू कशी आहेस?"

"उभी आहे अजून," ती म्हणाली आणि लगेच वळली. तिचे सुजलेले डोळे पाहून हार्लनला गलबलून आलं.

तीनच्या सुमारास रॉइस टॅकेट आला, आणि हार्लन सावरून बसला. एका चाकूवरून रॉइसने भर हॉलमध्ये क्लाइडची गचांडी धरली होती. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. त्याचं नाव सांगितलं असतं, तर खरंच विश्वास बसला नसता.

"मित्राचा बाजार मांडलास होय?" रॉइस म्हणाला.

"अल्मासाठी मांडलाय."

रॉइसची नजर उघड्या चाकूवर गेली. हात मात्र जाकिटाच्या खिशातच राहिले.

"हा असा का ठेवलायस?"

"मिटत नाही. बघ तुला जमतंय का."

"माझं काय अडलंय?"

"घाबरलास?"

रॉइसने त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि चाकू उचलला. पाठीकडे नख नेलंच नाही. बोटं सरळ मुठीवरच्या पितळी खिळ्यांकडे गेली. एक दाबला. दुसरा दाबला. फोन खिशात होता. शेरीफचा नंबर वरच काढून ठेवलेला.

रॉइस थांबला. मग त्याने पाठ तपासली, टोपण तपासलं, बटण दाबलं, शिवी हासडली. दहा मिनिटं तो घाम गाळत होता. शेवटी त्याने चाकू अलगद खाली ठेवला.

"जिंकला गाढव," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ईस्टरला मी त्याला फोन करणार होतो रे."

तो डोळे पुसत निघून गेला. हार्लनला स्वतःची लाज वाटली.

चार वाजता हॉल रिकामा होऊ लागला. त्रेचाळीस जणांनी हात लावला, एकालाही जमलं नाही. हार्लन खुर्चीत मटकन बसला. क्लाइडला आपण न्याय देऊ शकलो नाही, हे आता त्याला मान्य करावं लागणार होतं.

अल्मा खोकी आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन आली. "सुतकी चेहरा करून बसू नकोस. आवर, माझे पाय गेलेत कामातून."

ती भराभर एकेक चाकू कागदात गुंडाळू लागली. हार्लन खोक्याला चिकटपट्टी लावत होता.

"आणि हा काय, असा उघडाच भरणार? बोट जाईल कुणाचं तरी," ती वैतागून पुटपुटली, तिने एका हाताने मुठीचा शेवटचा खिळा दाबला, दुसऱ्या हाताने बटण मागे सरकवलं, आणि पातं खट्‌कन मिटलं.