तिवड्याची सावली

शांतवनने सायकल बांधाला टेकवली, हँडलला अडकवलेला कंदील विझवला आणि तो जागच्या जागी उभा राहिला. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात. तेवढं थांबल्याशिवाय जागेबद्दल काही ठरवायचं नाही, असा त्याचा नियम होता.

"कोन हाय?" वरून, माळाच्या माथ्यावरच्या खळ्यातून आवाज आला.

"नगरहून आलोय. जागा बघायला."

"इकायची न्हाई जागा," दुसरा आवाज बाईचा होता.

"विकत नको, मावशी. दोन रात्रींपुरती हवी. पुढच्या अमावास्येला पुण्याहून पाच माणसं येतील, दुर्बीण घेऊन. चांदण्या बघायला."

कारभारी आणि त्याची बायको मनकर्णा शाळूची रास राखत बसले होते. दोघांनी हे ऐकून घेतलं.

"पुन्याच्या चांदन्या सपल्या काय?" कारभारीने विचारलं.

"आहेत. पण दिव्यांमुळे दिसत नाहीत."

"मग दिवे इजवा की. मानसं कशाला आनता एवढ्या लांब?"

शांतवनला हसू आलं.

हा त्याचा चौथा शनिवार. पहिल्या जागेवरून लष्करी कॅम्पातल्या दिव्यांचा उजेड आभाळात चढलेला दिसत होता. दुसरीच्या शेजारी गुऱ्हाळ रात्रभर पेटलेलं असे. तिसरी जागा चांगली होती, पण मालकाने नाव विचारलं आणि ते ऐकल्यावर त्याला तो माळ एकाएकी पेरायचा होता. मार्च महिन्यात. सोमवारच्या टपालाने पत्र गेलं नाही, तर पुण्याची मंडळी साताऱ्याकडे कुठेतरी तळ टाकणार होती आणि तिकडे जायला शांतवनला रजा मिळणार नव्हती. सातवीच्या मुलांना तो भिंगं शिकवत असे. दुर्बिणीतून आकाश मात्र त्याने अजून एकदाही पाहिलं नव्हतं.

तो हळूहळू चहूकडे फिरून पाहू लागला. गाव पायथ्याशी होतं तरी दिसत नव्हतं. लढाईमुळे रॉकेल रेशनवर गेल्यापासून तिथली जेवणं उजेडातच उरकत. नगरच्या दिशेला क्षितिजावर बोटभर फिकट पट्टा होता, तेवढा चालण्यासारखा होता. झाड आड येत नव्हतं. दक्षिणेला अगस्ती लख्ख उघडा होता.

"जमीन कशी आहे वर? दुर्बिणीचे पाय रोवायला घट्ट लागते."

"बैलांच्या दोन जोड्या आठ दिस फिरल्यात तिच्यावर," कारभारी म्हणाला. "दगूड मऊ लागंल."

"नाव काय तुमचं?" मनकर्णाने विचारलं.

नुसतं 'मास्तर' म्हणूनही भागलं असतं. शांतवनला अर्ध्या नावावर मिळालेली जागा नको होती.

"शांतवन योहान भिंगारदिवे. मिशनच्या शाळेत शिकवतो."

कारभारीने चिलीम तोंडातून काढली. कडब्यात काहीतरी सळसळलं आणि थांबलं.

"मग खालीच का हुबं हाय?" मनकर्णा म्हणाली. "पायतान बांधाशी काडा अन् वर या. खळ्यात समद्यांनीच काडायचं असतंय. पुन्याच्या सायबांनाबी सांगून ठिवा."

"अगं, पर..."

"पर काय? चांदन्या बघनार हायेत ते. रास न्हाई नेनार."

कारभारीने पुन्हा चिलीम ओढली. मग तो घोंगडीवर जरा बाजूला सरकला.

शांतवन अनवाणी वर गेला. सारवलेली जमीन पायाला गार आणि सपाट लागत होती. खळ्याच्या मधोमध मळणीचे बैल फिरवायचा खांब, तिवडा, अजून उभा होता. त्याच्या पूर्वेला पांढऱ्या शाळूची रास. त्या राशीवर खालून वर एक काळी रेघ गेलेली होती. दोर असेल म्हणून त्याने वाकून ती उचलायला हात घातला. बोटांना नुसते दाणे लागले.

त्याने मान वळवून पश्चिमेकडे पाहिलं. शुक्र. मग त्याने हात पसरून धरला. रेघेशेजारी राशीवर पाच बोटं उमटली, धारदार कडांची. पुरेसा अंधार असेल तर शुक्राची सावली पडते, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्ष पाहिलेला माणूस त्याला भेटला नव्हता.

आपला हात राशीला लागला, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ गेला. त्याने मागे पाहिलं.

"ती व्हय?" मनकर्णा सावलीकडे बघत म्हणाली. "पंदरा दिस पडतीया. वर टोकाला चढली का ह्यांची राखनीची पाळी सपती अन् माझी लागती."

"मास्तरांना वही काडू दे," कारभारी म्हणाला. "कवाधरनं खिसा चाचपतेत."

वहीत पाच रकाने होते: उजेड, क्षितिज, जमीन, पाणी, परवानगी. शांतवन घाईने बांधावरून कंदील घेऊन आला, काडी ओढली आणि शेवटच्या रकान्यापासून लिहायला सुरुवात केली. रास पिवळी झाली.

"इजवा त्यो," मनकर्णा म्हणाली. "माझं घड्याळ पुसलंत."

त्याने फुंकर मारली. तिघंही राशीकडे बघत बसले. डोळे निवले तशी सावली राशीवर परत आली. राशीचं टोक तिच्यापासून अजून चार बोटं वर होतं.