संथ भागातला खोकला

‘त्या विसरल्या गेलेल्या डॅनिश संगीतकाराची सहावी सिंफनी तेवढी परत कर रे,’ असं मित्रानं पत्रात लिहिलं होतं. माझा त्याच्या सिंफनींच्या रेकॉर्डचा संच अपुरा राहील म्हणून मी उत्तरच दिलं नाही. पुढे मित्र वारला.

आता त्या रेकॉर्डच्या संथ भागात कुणीतरी खोकतं. अगदी त्याचाच कोरडा खोकला. काल तो पहिल्या सिंफनीतही आला. कान म्हातारे झाले, असं मी मनाशी म्हटलं.

आतून बायको म्हणाली, “अहो, पाहुण्यांना पाणी तरी विचारा!”

“रेकॉर्डमध्ये आहे तो खोकला.”

“रेकॉर्ड केव्हाच संपलीय.”

शरमेनं मी दोन ओळी लिहिल्या: ‘माझ्याकडेच आहे. चुकलो.’ त्याचा जुना पत्ता घालून पाकीट टपालपेटीत टाकलं.

पेटीत कुणीतरी खोकलं. मग पाकीट फाडल्याचा आवाज आला.