धोबिणीची भट्टी

जमादारांना ढास लागली तेव्हा त्यांची बायको बाहेर निघायच्या तयारीत केस विंचरत होती. तिने पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला आणि खिडकीच्या फटीत कोंबलेली चिंधी आणखी आत दाबली.

"पेटवली वाटतं तिने भट्टी," जमादार धापा टाकत म्हणाले.

शेजारची धोबीण मागच्या अंगणात लाकडं पेटवून कपडे उकळायची. धूर थेट यांच्या खोलीत. असाच धूर छातीत जात राहिला तर पुढचा हिवाळा कठीण आहे, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. जमादार मनातून पार घाबरले होते.

कारखान्याच्या फाटकावर जन्म गेलेला माणूस. त्यांना विचारल्याशिवाय तिथून चिटपाखरू हलत नसे. घरीही तीच शिस्त. कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचे. बायको भोळी, कोणीही फसवेल. आता चार पावलांत दम लागायचा. औषधं, बाजार, बँक सगळं तिच्या गळ्यात पडलं होतं. बिचारी सकाळी गेली की संध्याकाळी परतायची, पण तक्रारीचा चकार शब्द नाही. उलट चेहऱ्यावर तजेला आला होता. जमादारांना तिचं कौतुक वाटे.

"आज सकाळी मात्र बरं वाटलं," ते म्हणाले. "दारापर्यंत जाऊन आलो."

"पाहिलं मी." तिने चपला पायात सरकवल्या. "आज त्या बयेला सोडत नाही."

"कशाला तिच्या तोंडी लागतेस?"

"तुम्ही पडून राहा. खिडकी उघडू नका."

तिने बाहेरून कडी लावली. थोड्या वेळाने अंगणातून तिचा चढा आवाज आला. दर आठवड्याला ती अशीच भांडून यायची, पण धूर काही हटत नव्हता.

एकटी बाई किती लढणार? आज आपणही दोन शब्द सुनवायचे, असं ठरवून जमादार भिंत धरून उठले. चिंधी उपसून त्यांनी खिडकी ढकलली. डोळ्यांत धूर गेला.

"किती वेळा सांगायचं तुला?" बायको कडाडत होती.

जमादारांना भरून आलं. त्यांनी खिडकीचा गज धरला आणि हाक मारायला श्वास घेतला.

"काल तू वाळकी लाकडं लावलीस, तर सकाळी ते आपल्या पायांनी दारापर्यंत आले! ओली लाव, ओली!"